नववा हात

वाचकाचं पत्र

ताई, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. आमच्या गल्लीत बारा जणींचा बचत गट आहे, सात वर्षं झाली. अध्यक्षांना आम्ही सगळ्या अक्का म्हणतो. लॉकडाऊनमध्ये माग बंद पडले तेव्हा अक्कांनी घराघरांत ज्वारी पोचवली. माझ्या मुलीची फी त्यांनी पदरचे पैसे घालून भरली. त्यांचा शब्द आम्ही कधी मोडला नाही.

मागच्या महिन्यात हिशेबात १४ हजार कमी आले. हप्ते गोळा करणाऱ्या बाईनं ते वापरले असं अक्का म्हणाल्या. ती आमच्यात सगळ्यात लहान, नवरा वारलेला. पण ताई, त्या शुक्रवारी तिनं पैशाचं पाकीट अक्कांच्या हातात दिलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मी तिथंच उभी होते.

आधी अक्का म्हणाल्या, तिच्याशी बोलणं जरा कमी ठेवा. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावलं नाही. मीही नाही. मग बैठकीत ठराव आला, तिला गटातून काढायचा. एकेक हात वर गेला. आठ झाले, नववी मी. क्षणभर वाटलं, तो शुक्रवार नसेलच, माझीच काहीतरी चूक होत असेल. हात वर गेला. वहीत सहीपण केली.

आता ती नळावर खाली मान घालून उभी असते. तिची मुलगी आणि माझी मुलगी एका वर्गात. परवा माझी विचारत होती, आई, मी तिच्या शेजारी बसू का नको? मला उत्तर देता आलं नाही. मालक, म्हणजे माझे यजमान, म्हणतात, नसत्या भानगडीत पडू नको, उद्या कर्ज लागलं तर कोण देणार? १० तारखेला पुढची बैठक आहे. तिची बचत कापून घ्यायची आणि उरलेले तिच्याकडून वसूल करायचे, असा ठराव येणार. चार हुतात्म्यांच्या गावची मी, आणि मला एक हात खाली ठेवता आला नाही. मी इतकी भित्री आहे का ओ? काय करू?

एक बहीण, सोलापूर

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं: ‘तो शुक्रवार नसेलच.’ बाकी सगळं पत्र हुंदका आवरून लिहिल्यासारखं आहे, पण या वाक्यात तुम्ही त्या क्षणी आत काय घडलं ते जसंच्या तसं पकडलंय. आठ हात वर गेले आणि तुमच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट तुम्हालाच खोटी वाटायला लागली. हे भित्रेपणाच्या आधीचं काहीतरी आहे. त्याबद्दल बोलल्याशिवाय १० तारखेचं बोलता येणार नाही, म्हणून थोडं लांबून सुरुवात करते.

सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या सुमारास अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. सात ते नऊ तरुण एका खोलीत बसायचे. समोर एका कागदावर एक रेघ, दुसऱ्या कागदावर लांबीला वेगवेगळ्या तीन रेघा. पहिल्या रेघेएवढी कोणती, ते एकेकानं मोठ्यानं सांगायचं. शाळेतलं पोर सांगेल इतकं सोपं. एकट्यानं उत्तर दिलं तर शंभरात एखादी चूकसुद्धा होत नव्हती. पण त्या खोलीत खरा पाहुणा एकच असायचा, बाकी सगळे ॲशनं शिकवून बसवलेले. अठरापैकी बारा वेळा ते सगळे एकसारखं चुकीचं उत्तर द्यायचे, आणि त्या एकाची पाळी जवळजवळ शेवटी यायची. तुमची नववी आली, तशी.

त्या बारा वेळांतली एक तृतीयांशाहून जास्त उत्तरं मग चुकीची आली. दर चार माणसांतली तीन निदान एकदा तरी बहुमतामागं गेली. नंतर ॲशनं त्यांना बसवून विचारलं. काहीजण म्हणाले, खरं दिसत होतं पण वेगळं पडायला नको वाटलं. काही म्हणाले, सगळ्यांना दिसतंय ते आपल्याला दिसत नाही म्हणजे आपल्याच नजरेत खोट असणार. तुमचं वाक्य या दुसऱ्या माणसांच्या तोंडचं आहे. एका रेघेबद्दल, जिथं कुणाचं काही जात नव्हतं, ज्यांच्याशी उद्या नळावर गाठ पडणार नव्हती अशा अनोळखी लोकांत हे झालं. तुमच्या समोर तर ज्यांच्यासोबत सात वर्षं बचत केली, त्या बायका होत्या.

मला या प्रयोगातला सगळ्यात मोलाचा भाग मात्र पुढचा वाटतो, आणि तो नेमका कमी सांगितला जातो. ॲशनं त्या शिकवलेल्या माणसांपैकी फक्त एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. बाकी सगळे चुकीचंच सांगत होते, बहुमत तेवढंच भक्कम होतं. तरी बहुमतामागं जाणं एक चतुर्थांशावर आलं. एका माणसानं! आणि उत्तर मोठ्यानं न सांगता कागदावर लिहायचं ठरवलं, तेव्हाही ते बरंच घटलं. म्हणजे माणसाला आठ हातांचं वजन तेवढं जाणवत नाही, जेवढं ‘एकही हात खाली नाही’ याचं जाणवतं. तुमच्या आधी आठातली एकजरी थबकली असती, तर तुम्हाला तो शुक्रवार आठवला असता. आणि हेही लक्षात घ्या, तुमच्यानंतर ज्यांची पाळी होती त्यांना तुमचा हात वर दिसला.

हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. तुमच्या हाताला किती वजन होतं ते कळावं म्हणून लिहितेय. तेवढंच वजन त्याला १० तारखेलाही असणार आहे.

आता अक्कांबद्दल. तुम्ही त्यांना घाबरता असं पत्रात कुठंच नाही. तुम्ही त्यांच्या ऋणात आहात. ज्वारी, फी, सात वर्षं. स्टॅन्ले मिलग्रॅम या संशोधकानं १९६१ साली येल विद्यापीठात आज्ञापालनावर जे प्रयोग सुरू केले, ते तुम्ही कुठं ना कुठं ऐकले असतील. शेजारच्या खोलीतला माणूस चुकीचं उत्तर देईल तेव्हा विजेचा झटका द्यायचा, दर वेळी १५ व्होल्टनं वाढवत, ४५० पर्यंत. झटके खोटे होते, ओरडणारा माणूस ठरवून बसवलेला होता, पण बटण दाबणाऱ्याला ते सांगितलेलं नव्हतं. शेवटापर्यंत हजारातला एखादाच जाईल असा मानसोपचारतज्ज्ञांचा अंदाज होता. पहिल्या फेरीत ४० पैकी २६ जण गेले.

यावरून ‘माणूस हुकमाचा गुलाम’ असा निष्कर्ष काढायची पद्धत पडली आहे. मला तो पटत नाही. त्याच प्रयोगाच्या नोंदी पुढच्या अभ्यासकांनी बारकाईनं पाहिल्या तेव्हा वेगळं चित्र दिसलं. काही जणांना झटके खरे नसल्याचा संशय होता, आणि सूचना देणारा माणूस ठरलेल्या वाक्यांच्या पलीकडं जाऊन गळ घालत होता, हे तर समोर आलंच. पण जेरी बर्गर यांनी २००९ मध्ये त्या प्रयोगाचा काही भाग जपून पुन्हा केला, तेव्हा ‘तुमच्यापुढं दुसरा मार्गच नाही, पुढं चालू ठेवा’ असा उघड हुकूम ज्याला ज्याला मिळाला, तो प्रत्येक जण थांबला. लोक पुढं गेले ते ‘प्रयोगासाठी हे गरजेचं आहे’ असं म्हटल्यावर. चांगल्या कामात आपला हातभार लागतोय असं वाटल्यावर. अलेक्झांडर हॅसलम आणि स्टीफन रायकर हे दोन अभ्यासक म्हणतात की असं वागणाऱ्याला तो हुकूम वाटतच नाही, त्याला ते आपलं कार्य वाटतं. अक्का ‘हात वर कर’ असं म्हणाल्या असत्या तर कदाचित तुमचा हात मांडीवरच राहिला असता. त्या गटाच्या भल्याचं बोलल्या असणार. आणि गट तुम्हाला जिवाभावाचा आहे.

ते १५-१५ व्होल्टही पाहा. आधी बोलणं कमी ठेवा. मग हळदीकुंकू. मग ठराव. आता बचत कापणं. पहिल्याच दिवशी कुणी म्हणालं असतं की या विधवा बाईची बचत काढून घेऊ, तर सगळ्याजणी उठून गेल्या असत्या. पण हळदीकुंकवाला न बोलावलेल्या बाईसाठी बैठकीत हात खाली ठेवायचा तर आधी स्वतःशीच कबूल करावं लागतं, की संक्रांतीलाही आपलं चुकलं होतं. ते कबूल करणं जड जातं म्हणून माणूस पुढचं बटण दाबतो.

इथं एक माझी गोष्ट सांगते. मी एका महाविद्यालयात शिकवत होते तेव्हा एका शिपायावर प्रयोगशाळेतलं सामान चोरल्याचा आळ आला. चौकशीला पाच जणांची समिती होती, मी त्यात सगळ्यात नवी. प्रमुखांनी निकाल आधीच ठरवल्यासारखं बोलणं सुरू केलं. मला नोंदवहीतल्या तारखा जुळत नव्हत्या. मी बोलले नाही, तिसरी सही माझी. बऱ्याच वर्षांनी एका निरोपसमारंभात जेवताना कळलं की पाचातल्या दोघांना अगदी त्याच तारखा खटकल्या होत्या. तिघं होतो आम्ही. पाचात तिघं! आणि प्रत्येकाला वाटत होतं, शंका फक्त मलाच आहे. तोवर तो माणूस गाव सोडून गेला होता. मी शोधायचा प्रयत्न केला, पत्ता लागला नाही. तुमची बाई मात्र रोज नळावर भेटते, ताई.

म्हणून पहिलं काम बैठकीचं नाही. तिच्याकडं जा. नळावर, लोकांत नको, घरी जा. फार बोलू नका. ‘मी सही केली ती चूक होती. तू पाकीट दिलेलं मी बघितलं होतं. १० तारखेला मी ते सांगणार आहे.’ एवढंच. अक्कांची बाजू, मालक काय म्हणाले, तुम्ही किती रडलात, यातलं काहीही तिच्या दारात नेऊ नका. माफीही मागून घेऊ नका, कारण ती ‘जाऊ दे ओ’ म्हणेल आणि तुमचंच ओझं तिच्या डोक्यावर जाईल. ती दार लावून घेईल कदाचित. तो तिचा अधिकार आहे. तरी १० तारखेला बोलायचं आहेच.

मग जोडीदारीण शोधा. बारा जणींत अशी कोण आहे जिनं हात वर करताना खाली पाहिलं? जी हळदीकुंकवाच्या दिवशी गप्प होती? तुम्ही नववी होता, आधीचे आठही हात तुम्हाला दिसलेत. डोळे मिटून ती बैठक आठवा, एखादी सापडेल. तिला ‘अक्कांनी पैसे खाल्ले’ असं बोलू नका, ते तुम्हाला माहीत नाही. ‘मला त्या दिवसापासून झोप नाही, तुला काय वाटतं?’ एवढंच विचारा आणि थांबा. उत्तर यायला वेळ लागेल, मधे बोलू नका.

याचा किती उपयोग होतो त्याचा दाखला रुग्णालयातला आहे. १९६६ सालच्या हॉफलिंग यांच्या प्रयोगात अनोळखी डॉक्टरनं कामावरच्या परिचारिकेला फोनवरून एका औषधाचा डोस द्यायला सांगितला, बाटलीवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या दुप्पट. २२ पैकी २१ जणी द्यायला निघाल्या, दाराशीच त्यांना अडवलं. १९७७ मध्ये तसाच प्रयोग पुन्हा झाला. या वेळी औषध ओळखीचं होतं आणि परिचारिकांना आपल्या सोबतिणींशी बोलायची मोकळीक होती. १८ पैकी फक्त दोघी तयार झाल्या. अकरा वर्षांत परिचारिका जास्त शूर झाल्या असं मला वाटत नाही. काय देतोय ते त्यांना माहीत होतं आणि शेजारणीला विचारता येत होतं.

जोडीदारणीशी पक्कं बोला मात्र. ॲशच्या प्रयोगात सोबतीनं खरं बोलणारा माणूस मधेच बहुमताकडं गेला, की बिचारा उरलेला एकटा जवळजवळ पुन्हा पहिल्यासारखाच चुकायला लागायचा. ‘बघू’ म्हणणारीवर भिस्त ठेवू नका.

तुम्ही काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही, हे बैठकीआधी स्वतःशी स्वच्छ करून घ्या. तुम्ही पाकीट दिलेलं पाहिलं. आत किती होते ते पाहिलं नाही. अक्कांनी नंतर काय केलं तेही नाही. वहीत चढवायचं राहिलं असेल, घरखर्चाच्या पैशात मिसळलं असेल, अक्कांच्या घरातल्या कुणी उचललं असेल. आणि अक्कांनीच वापरलं असेल, हेही असू शकतं. यातलं कोणतं, ते ठरवायचं काम तुमचं नाही. एका बाईवरचा आळ अन्यायानं टिकतो आहे, दुसरीवर तसाच घाईनं घालू नका.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर जोडीदारणीला घेऊन, दोघी मिळून, बैठकीच्या एक-दोन दिवस आधी अक्कांच्या घरी गेले असते. एकटीनं जाऊ नका. त्यांच्या ओसरीवर एकटीला तुम्ही पुन्हा फी भरून घेतलेल्या मुलीची आई व्हाल. मिलग्रॅमच्या प्रयोगातसुद्धा हुकूम देणारा खोलीबाहेर गेला आणि फोनवरून सांगू लागला, तेव्हा शेवटापर्यंत जाणारे पाचात एकावर आले, आणि सोबतच्या दोघांनी नकार दिला तेव्हा चाळिसांत फक्त चार उरले. अक्कांना खोलीबाहेर घालवता येणार नाही, पण सोबत नेता येते. आणि त्यांना विचारा, ‘अक्का, त्या शुक्रवारी पाकीट तुमच्या हातात दिलं होतं, मी होते तिथं. वहीत चढवायचं राहिलं का ओ?’ या प्रश्नात त्यांच्यासाठी परतायला वाट आहे. ज्या बाईनं गल्लीला ज्वारी पुरवली, तिला ही वाट देणं तुम्ही लागता. त्यांनी ती घेतली तर सगळं तिथंच मिटेल, बैठकीत फक्त ठराव मागं घ्यायचा उरेल. नाही घेतली, तर मग बैठकीत बोलणं आलंच, आणि तुम्ही मागून वार केला असं त्यांना म्हणता येणार नाही.

बैठकीत दोन मागण्या करा. एक, सगळ्या सदस्यांनी आपापली पासबुकं आणावीत आणि प्रत्येकीनं भरलेले हप्ते, गटाची वही आणि बँकेचं पासबुक सगळ्यांसमोर जुळवावं. यात कुणावर आरोप नाही. बचत गटांच्या पंचसूत्रीतलं, म्हणजे गट चालवायच्या पाच नियमांतलं, पाचवं सूत्र हिशेबाच्या वह्या नीट ठेवण्याचंच आहे, आणि वही बाराजणींची आहे, बघायला मागणं हा अपमान नव्हे. दुसरी मागणी, ठरावावर हात वर न करता चिठ्ठ्या टाकाव्यात. कागदावर काय होतं ते वर सांगितलंच.

आणि बोलायचं ते आधी बोला. दोघीतिघींचे हात वर जायच्या आत. पाळी येण्याची वाट पाहिलीत तर पुन्हा नववी व्हाल. वाक्य एकच ठेवा, आवाज न चढवता, कुणी काही विचारलं तरी तेच: ‘शुक्रवारी तिनं पाकीट दिलेलं मी पाहिलंय, मागच्या वेळी मी सही केली ती चुकीची होती.’ ‘मागच्या वेळी का गप्प बसलीस?’ असं कुणीतरी नक्की विचारणार. ‘चुकलं माझं’ म्हणा. त्यापुढं स्पष्टीकरण देऊ नका. फ्रान्समध्ये मॉस्कोविची यांनी १९६९ साली निळ्या रंगाला ‘हिरवा’ म्हणणारी, शिकवलेली दोन माणसं इतर चौघांत बसवली. दोघं शेवटपर्यंत एकच सांगत राहिले तेव्हा बाकीच्यांची आठ टक्क्यांवर उत्तरं हलली. मधेमधे बदलले तेव्हा जेमतेम एक टक्का. आठ टक्के फार नाहीत, हे मान्य आहे. पण ती दोघं तर खोटं बोलत होती.

ठराव तरीही मंजूर होऊ शकतो, तेही सांगते. तेव्हा सही करू नका आणि ‘माझा विरोध इतिवृत्तात लिहा’ म्हणा. लिहिलेलं वाचून पाहूनच उठा. पुढं कुणी बँकेतलं माणूस ती वही उघडेल तेव्हा त्या ओळीचा त्या बाईला आधार होईल.

मालकांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. कर्जाची गरज खरी आहे, अक्कांची मर्जी गेली तर काही महिने तुम्हाला जड जातील. त्यांना हे सगळं आधी सांगा, लपवून करू नका. आणि एक विचारा, पुढच्या वर्षी हिशेबात पुन्हा पैसे कमी आले आणि अक्कांनी आपलं नाव घेतलं, तर अकरा जणींत आपल्यासाठी कोण हात खाली ठेवील?

हुतात्म्यांचं तुम्ही लिहिलंत. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. त्यांच्या मापानं स्वतःला मोजू नका. तुमच्याकडून कुणी जीव मागितलेला नाही. एक वाक्य हवं आहे, तेही खरं.

मुलीचा प्रश्न तेवढा राहिला. त्याला १० तारखेपर्यंत थांबवू नका. आज शाळेतून आली की सांगा, तिच्या शेजारी बस.